पन्नाशी, पाळी आणि केस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांच्या पत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘हार्मोन्समुळेच असणार.’ एकदा असं म्हटलं की तपासणी राहते बाजूला आणि वर्षभर शाम्पू बदलणं चालू राहतं. म्हणून काही प्रश्न इथे एकत्र घेते.

वय ४७, पाळी मागेपुढे होते. पूर्वी तेलकट असलेले केस आता राठ झालेत. रोजचा शाम्पू बंद करू का?

रोज नको. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरायला लागलं की टाळूवरचा तेलकटपणा घटतो, केसही बारीक येऊ लागतात. सौम्य शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. खाज आणि पापुद्रे असतील तर मात्र तो नुसता कोरडेपणा नसेल, कोंडा असू शकेल. त्यावर तेल थापू नका, दाखवून घ्या.

दिवसाला किती केस गळणं ठीक?

साधारण ५० ते १००. मोजत बसू नका, भांग रुंदावतोय का ते बघा.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून बायोटिनच्या (एका ब जीवनसत्त्वाच्या) गोळ्या सुरू केल्यात. चालू ठेवू का?

मैत्रिणीने तुमचं रक्त तपासलं होतं का? बायोटिनची कमतरता क्वचितच असते आणि ती नसताना या गोळ्यांनी केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. वर, जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकवू शकतं. म्हणजे केस गळायचं खरं कारण थायरॉइड असेल, तर तेच झाकलं जायचं! हे डबीवर कुणी ठळक छापत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासा आणि गोळ्या घेत होता हे त्यांना आधीच सांगा.

वय ५६, पाळी जाऊन चार वर्षं झाली. कपाळ मोठं दिसतंय, भुवयाही विरळ झाल्यात. वयानुसार होणारच ना? भुवया टॅटू करून घ्याव्यात म्हणते.

टॅटू थांबवा, आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. वयानुसार होणाऱ्या नेहमीच्या विरळपणात भांग रुंदावतो, डोक्याचा वरचा भाग पातळ होतो, पण कपाळावरची केसांची रेषा बहुधा जागेवर राहते. तुमची रेषाच मागे सरकतेय आणि सोबत भुवयाही जातायत. ही जोडी दिसली की मला पहिली शंका येते ती फ्रंटल फायब्रोझिंग अ‍ॅलोपेशियाची. या आजाराचं पहिलं वर्णन १९९४ साली झालं, तेही पाळी गेलेल्या स्त्रियांमध्येच. यात केसाच्या मुळाभोवती दाह होतो, मूळ मरतं आणि तिथे व्रण उरतो. व्रणातून केस उगवत नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

उजेडात आरशासमोर केस मागे घ्या. जुन्या रेषेच्या जागी गुळगुळीत, कपाळापेक्षा फिकट पट्टा दिसतोय का? त्यात एखाद-दुसरा चुकार केस उभा आहे का? सध्याच्या रेषेवर मुळांशी लाली किंवा बारीक पापुद्रे आहेत का? काहींना खाज, आग होते. काहींना काहीच होत नाही, म्हणून तर उशीर होतो. आणि यातलं काही दिसलं नाही तरी जा. डॉक्टर भिंगाखाली बघतील, गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा छोटा तुकडा, घेतील. औषधांनी आजाराची चाल बऱ्याचदा रोखता येते, गेलेले केस मात्र सहसा परत येत नाहीत. ‘आणखी दोन महिने तेल लावून बघते’ म्हणणाऱ्यांवर मी चिडते ती यासाठीच.

केस वाढण्यासाठीचं औषध मिनॉक्सिडिल लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात गळती वाढली. बंद केलं. बरोबर केलं ना?

घाई केलीत. सुरुवातीला गळती वाढू शकते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि सोडलं की मिळालेला फायदाही जातो. पण हे तुम्हाला कुणी लिहून दिलं होतं की जाहिरात बघून आणलंत? हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

केसांसाठी हार्मोन्सच्या गोळ्या घेऊ का?

निव्वळ केसांसाठी नाही. अंगातून वाफा, झोपमोड असा त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.

हनुवटीवर राठ केस येतायत.

एक-दोन असतील तर कापा आणि विसरा. थोड्याच महिन्यांत दाट वाढले, आवाज घोगरा झाला, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.