या बुधवारी साक्ष देऊ नकोस

(पत्र थोडक्यात: वय ३७, अहिल्यानगर. तीन वेळा गर्भपात, शेवटचा पाचव्या महिन्यात. नवरा रोज रात्री डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. चर्चमधल्या पाळकीणबाई म्हणतात, देवाची काहीतरी योजना असेल. "बुधवारच्या महिला सभेत साक्ष, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, मीच देते, मला बोलायला जमतं म्हणून. पण आतून विश्वास उडालाय. आशा परत कशी मिळवू, ताई?")

अगं, तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा त्या साक्षीच्या वाक्यापाशीच अडकले. तू ते जाता जाता लिहिलंयस. म्हणजे पाचव्या महिन्यात बाळ गेलं, दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आलीस, आणि मग एका बुधवारी उभी राहून सगळ्या बायकांना सांगितलंस की प्रभू किती चांगला आहे? आणि अजून दर आठवड्याला सांगतेयस? आणि वर मलाच विचारतेस विश्वास कुठे गेला!

नवऱ्याबद्दल पानभर लिहिलंयस, चांगला माणूस आहे, मान्य, त्याचं राहू दे. पाळकीणबाईंचंही राहू दे. मला तुझाच राग आलाय, आणि माया आहे म्हणूनच आलाय.

बायबलमधलं रूथचं पुस्तक आपण रूथसाठी वाचतो, सासू-सुनेच्या प्रेमासाठी. मला त्यातली सासू, नामी, जवळची वाटते. परक्या मवाब देशात नवरा वारला, दोन्ही मुलंही वारली, आणि ती बेथलेहेमला परत आली तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, हीच का ती नामी? तेव्हा तिने काय साक्ष दिली? मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू, मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. भर गावात, बायकांसमोर, देवाचं नाव घेऊन बोलली गं ती. आणि कुणी तिला गप्प केल्याचं पुस्तकात कुठेही नाही. सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती, एवढंच लिहिलंय पुढे.

माझे मिस्टर गेले त्या वर्षी मीपण अशीच हसून साक्ष द्यायचे. एकदा सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळत होते, तर एक म्हातारी आजी गुडघे धरत धरत शेजारी येऊन बसली, पिशवीतून कागदात बांधलेला शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातात दिला आणि कानाशी येऊन म्हणाली, मलापण लय राग आलाय त्याचा, पोरगा नेला माझा. मी तिथेच सतरंजीवर बसून रडले. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मी प्रार्थना केली, प्रार्थना कसली, भांडलेच मी देवाशी, पण त्याच्याशीच भांडले ना.

तर आता ऐक. या बुधवारी तुझं नाव पुकारलं की उभी राहा, बायबल उघड आणि स्तोत्र ८८ मोठ्याने वाच. फक्त १८ वचनं आहेत. पहिल्याच वचनात तो माणूस परमेश्वराला माझा तारणारा म्हणतो आणि मग शेवटपर्यंत त्याच्यापाशीच तक्रार करत राहतो, माझ्यापासून तोंड का लपवतोस, माझी माणसं का दूर केलीस, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. बाकीच्या विलापांना शेवटी बहुतेक आशेचं एखादं वचन तरी असतं, याला तेपण नाही. तरी हे बायबलमध्ये आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. वाच आणि खाली बस. समजावून सांगू नको, शेवटी "तरीपण देव चांगला आहे" असं स्वतःचं जोडू नको, तुला बोलायला जमतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

सभा संपली की लगेच चपला घालून निघू नकोस. दहा मिनिटं थांब, सतरंज्या आवरायला लाग. एवढ्या बायकांत कुणाचं तरी मूल गेलेलं असणारच, ती इतके दिवस तुझी साक्ष ऐकून गप्प बसलेली आहे. आणि मग मला परत लिही, पाळकीणबाई काय म्हणाल्या ते नको, तुझ्याजवळ कोण येऊन बसलं ते लिही.