पंख्याचं बटण आणि उजनीचं पाणी

आमच्यासारख्यांनी दोन दिवे कमी लावले तर हवामानाला काय फरक पडणार? (गृहिणी, विडी घरकुल)

पडतो, ताई. आपल्या सोलापूरजवळ आहेरवाडीचा एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प कोळशावर आणि उजनी धरणाच्या पाण्यावर चालतो. तारांमध्ये सगळीकडची वीज एकत्र होते, त्यामुळे तुमच्या घरातलं युनिट नेमकं कुठलं ते सांगता येत नाही. पण देशातली सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशाचीच आहे. सरासरीने एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथेच उष्णता धरून राहतो. शिवाय औष्णिक केंद्रात युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी खर्ची पडतं. सोलापूरकराला पाण्याची किंमत मी काय सांगावी!

दिव्यांच्या आधी पंखा बघा. आपल्याकडे मार्च लागला की तो बंदच होत नाही. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) ३० वॉट. रोज १५ तास, वर्षाचे आठ महिने धरले तर एका पंख्यामागे १६० युनिटं वाचतात, म्हणजे ११० किलोंहून जास्त वायू हवेत जायचा थांबतो.

मागाची मोटार जळली की भरून घेतो. वीज जास्त लागते का? (यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड)

बऱ्याचदा लागते. तारांचं जुनं वेटोळं (वाइंडिंग) जाळून काढताना आतला गाभा फार तापला की मोटारीची कार्यक्षमता उतरते. एक एचपीची मोटार पूर्ण भाराने १६ तास चालली तर किमान १२ युनिटं खाते. वर्षभराचं हे बिल मोटारीच्या किमतीहून कितीतरी मोठं. दोन-तीनदा भरलेली मोटार पुन्हा भरू नका, आयई३ या जास्त कार्यक्षमतेच्या दर्जाची घ्या. आणि पट्टा सैल आहे का, ते आजच बघा.

छतावर सोलर आहे. आता बचत कशाला? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

बॅटरी नसेल तर दिवस मावळल्यावर तुम्हीही तारांमधली, म्हणजे मुख्यतः कोळशाचीच वीज वापरता. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार दुपारी चालवा.

एसी किती अंशांवर ठेवावा? (होटगी रोड)

२४ वर. एकेक अंश वर नेलात की सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्याआधी मात्र स्लॅबवर पांढरा चुना मारून घ्या. मे महिन्यात खोलीत पाऊल टाकताच फरक कळेल.