वहीतल्या पायऱ्या कोणाला दाखवाव्यात

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बारावीला बी ग्रूप घेतल्यामुळे ज्या गणिताशी दोन वर्षे तुझा संबंध आला नाही, तेच गणित आता बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात समोर आले आहे, त्याचा बराच भाग ऑनलाइन आहे, आणि वेळापत्रकात 'सपोर्ट अवर' नावाचा एक जादा तास लावलेला आहे. हा तास म्हणजे आपल्याला कच्च्या मुलांत बसवल्याची खूण समजायची का, असे तू विचारलेस. तसे मुळीच समजू नये. याचे कारण आधी सांगतो, कारण याच गैरसमजापोटी पुष्कळ मुले तो तास चुकवतात.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयांत, दीर्घकाळ अशी रीत होती की, प्रवेशाच्या वेळी ज्यांचे गणित कच्चे आढळे त्यांना आधी जुन्या गणिताचे एक-दोन अभ्यासक्रम पुरे करावे लागत, आणि मगच मूळ विषयाला बसता येई. त्या उजळणीतच पुष्कळ मुले गळत आणि मूळ विषयापर्यंत पोहोचतच नसत. टेनेसी राज्याने २०१५ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ही रीत मोडली आणि विद्यार्थ्याला थेट मूळ विषयालाच बसवून त्याच सत्रात त्याला जोडून मदतीचे तास दिले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून विद्यार्थ्यांना उजळणीत अडकवून ठेवण्यावर मर्यादा आणल्या. तुझा जादा तास याच विचाराचा आहे. ज्या आठवड्यात लॉगॅरिदम शिकवायचे त्याच आठवड्यात घातांकांचे विसरलेले नियम दुरुस्त करून घ्यायचे, हे त्याचे काम. तुला वेगळे काढलेले नाही. इतरांबरोबर एकाच परीक्षेला बसवलेले आहे.

आता ऑनलाइन भागाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा जो आराखडा मांडला, त्यात एखाद्या विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्यास वाव ठेवला आहे. 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठाची जी चार अंगे आहेत, म्हणजे चित्रफीत, वाचनाचा मजकूर, स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शंका मांडण्याची जागा, साधारण तीच तुला येथेही दिसतील. चित्रफितीविषयी फार लिहीत नाही. ती थांबवता येते हा तिचा सर्वांत मोठा गुण, आणि मुले तोच वापरत नाहीत; दीडपट वेगाने लावून मोकळी होतात. शिक्षकांनी उदाहरण मांडले की चित्रफीत थांबवावी, ते स्वतः सोडवून पाहावे आणि मगच पुढे जावे. इंग्रजी अडत असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातील अनेक अभ्यासक्रमांचे लिखित भाषांतर मराठीत आणि गुजरातीतही मिळते. तुझी शाळा गुजराती माध्यमाची, तेव्हा तुला गुजरातीच सोयीची वाटेल. त्याचे तुझ्या आजीने वाईट वाटून घेऊ नये.

खरा विचार करायला हवा तो प्रश्नांचा. समज, −२क्ष > ६ ही असमता तुला सोडवायची आहे. तू दोन्ही बाजूंना −२ ने भागलेस आणि क्ष > −३ असे उत्तर दिलेस. ते लाल झाले. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते, अशी सूचना पडद्यावर आली; ती तू घाईने वाचलीस आणि नवा प्रश्न मागितलास. या वेळी ३क्ष > १२ आले, तू क्ष > ४ लिहिलेस आणि हिरवी खूण मिळाली. धडा पूर्ण झाला असे यंत्र म्हणते, पण चूक जिथल्या तिथेच आहे, कारण दुसऱ्या प्रश्नात ती उघडी पडण्याचा प्रसंगच आला नाही. याच्या उलटही घडते. रीत संपूर्ण बरोबर असते, उत्तर १/(२क्ष) असते, पण टाइप करताना कंस राहतो. १/२क्ष असे लिहिले की बहुतेक प्रणाली त्याचा अर्थ अर्धा गुणिले क्ष असा घेतात आणि लाल खूण देतात. मग गणित आपल्याला जमणारच नाही, अशी समजूत करून घेऊन एखादी मुलगी रात्रभर रडत बसते.

तात्पर्य, यंत्र शेवटची ओळ पाहते. कोणत्या पायरीवर पाय घसरला, हे तुझी वही वाचणाऱ्या माणसालाच कळते. म्हणून ऑनलाइन प्रश्नसुद्धा वहीतच सोडवावा, सर्व पायऱ्यांसह आणि तारखेसह. चुकलेली ओळ खोडरबराने पुसू नये, तिच्या शेजारी बरोबर ओळ लिहावी. ही वही घेऊन जादा तासाला बसावे. तेथे 'मला हा धडा समजला नाही' असे म्हटल्यास शिक्षक सगळा धडा पुन्हा सांगतील आणि तास संपेल. त्याऐवजी ओळीवर बोट ठेवून 'येथून येथे कसे आलो' असे विचारावे.

अशा वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. समज, एका धड्यात तू (अ+ब)² चे अ²+ब² केलेस, दुसऱ्यात √(अ²+ब²) चे अ+ब केलेस, आणि तिसऱ्यात लॉग(अ+ब) चे लॉग अ + लॉग ब केलेस. यंत्राच्या हिशेबी तुझे तीन धडे कच्चे आहेत आणि तुला तीन ठिकाणी सराव हवा. वही चाळणाऱ्या शिक्षकांना मात्र एकच चूक दिसेल: बेरजेवर कोणतीही क्रिया केली तरी ती दोन्ही पदांवर सुटी सुटी वाटून देता येते, असे तू धरून चालली आहेस. ते एकदा सुटले की तिन्ही धडे एकत्र सुधारतात. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे टाळून चालणार नाही. पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ७ वरून ६ वर आला म्हणजे हायड्रोजन आयनांची तीव्रता दसपट झाली, आणि अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय जिवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते म्हणजे दोन तासांत ती ६४ पट होते. ही दोन्ही विधाने लॉगॅरिदम आणि घातांक यांचीच आहेत.

घरबसल्या अभ्यासाची साधने मिळणे आपल्या शहराला नवे नाही. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि त्याच व्यवस्थेतून बडोदे संस्थानातील गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. पण पेटी वाचकापर्यंत पोहोचली तरी वाचक कोठे अडला हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. तुझ्या अभ्यासक्रमात तो मार्ग आहे, मात्र त्यावरून चालत जावे लागते. आपण होऊन कोणी तुझी वही मागणार नाही.

एकटीने अभ्यास करू नकोस. अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात गणित शिकवणारे युरी ट्राइझमन यांनी १९७० च्या दशकात असे पाहिले की, तेथील चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, तर कृष्णवर्णीय विद्यार्थी तेवढेच मेहनती असूनही एकएकटे अभ्यास करत आणि कलनशास्त्रात मागे पडत. त्यांनी उजळणीचे वर्ग न काढता कठीण प्रश्नांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांचा चांगला परिणाम दिसला. तिघी-चौघी मिळून मांडवीच्या ग्रंथालयात किंवा कोणाच्या घरी बसा, आणि नियम एवढाच ठेवा की उत्तर सांगायचे नाही, आपली पायरी दाखवायची.

मुदतींबाबत थोडे व्यवहाराचे सांगतो. तुझे सत्र जुलैत सुरू होते, म्हणजे मध्ये गणपती येतात आणि मग नवरात्र. बडोद्याच्या मुलीला गरब्याच्या नऊ रात्री घरी बस, असे मी सांगणार नाही, सांगितले तरी तू ऐकणार नाहीस. पुढे तू एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतलास, तर तेथे १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, त्यांना २५ टक्के वजन असते आणि केंद्रावर प्रत्यक्ष द्यावयाच्या परीक्षेला ७५ टक्के. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. सोडून देता येणाऱ्या त्या चार असाइनमेंट मुले पहिल्याच महिन्यात आळसाने खर्च करतात आणि नवरात्रात हात रिकामे राहतात. तुझ्या महाविद्यालयाचे नियम वेगळे असतील. ते आजच वाचून काढ.

सुरुवातीला जी चाचणी होईल, तिच्यासाठी फोटो काढून उत्तर देणारे ॲप वापरू नकोस, दादालाही शेजारी बसवू नकोस. त्या चाचणीवरून तुला कोणते धडे द्यायचे हे ठरते. उधारीच्या उत्तरांवर मिळालेले धडे तुला पेलणार नाहीत. चाचणी झाली की शनिवारी संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे ये. निकालाचा कागद आणला नाहीस तरी चालेल.

तुझे
सर