किचन ट्रॉलीला नॉब लावावेत की हँडल?

तुमच्या प्रश्नात सगळ्यात शेवटी एक वाक्य आलंय, माझं उत्तर तिथूनच सुरू होतं: सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे आणि सकाळचा स्वयंपाक त्याच करतात. तुम्हाला ऑनलाइन पाहिलेले पितळी नॉब आवडलेत, सुतार गोला प्रोफाइल (हँडलऐवजी शटरच्या वरच्या कडेमागे बोटं घालायला केलेली पन्हळ) लावा म्हणतोय, फ्लॅट ठाण्याला आहे आणि ओटा एल आकाराचा. मी पुण्यात मॉड्युलर किचनची कामं करते, त्या अनुभवावरून सांगते. ओट्याखाली ना नॉब ना गोला, सरळ डी आकाराचं हँडल लावा. नॉब हवेच असतील तर वरच्या कपाटांना लावा, तिथे ते शोभतीलही.

नॉब ओढायचा म्हणजे अंगठा आणि दोन बोटांची चिमूट लागते. सगळा भार बोटांच्या सांध्यांवर येतो, आणि संधिवातात दुखतात तेच सांधे. त्यात हात पिठाचा नाहीतर तेलाचा असला की चिमूट सटकते. ओट्याखालची ट्रॉली काही हलकी नसते. ९०० मिमी रुंदीच्या खालच्या ट्रॉलीत कुकर, कढया, लोखंडी तवे, परातीतलं सामान धरलं तर पंचवीस-तीस किलो सहज भरतात. डी हँडलमध्ये चारही बोटं आकड्यासारखी अडकतात आणि ओढण्याचं काम दंड करतो. मूठ आवळायची गरजच पडत नाही. अमेरिकेत अपंगांना वापरता येतील अशा इमारतींसाठी २०१० चे नियम आहेत. त्यांत म्हटलंय की कडी-मूठ एका हाताने चालवता यावी, त्यासाठी घट्ट पकड, चिमूट किंवा मनगट पिळणं लागू नये, आणि जोरही ५ पौंड, म्हणजे साधारण सव्वादोन किलोपेक्षा जास्त लागू नये. आपल्या घराला तो नियम लागू नाही, पण निवड करताना कसोटी म्हणून मी तीच धरते.

आता हँडलमध्येही फरक असतो. दुकानात गेलात की रंग बघण्याआधी त्यात बोटं घालून बघा. दांडी आणि शटर (म्हणजे कपाटाचं दार किंवा ट्रॉलीची दर्शनी फळी) यांच्यामधली जागा कमीत कमी २५ मिमी हवी, ३० असेल तर उत्तम. फोटोत नाजूक दिसणाऱ्या बऱ्याच हँडलांत ती १८-२० मिमीच असते. मग प्रत्येक वेळी बोटांची पेरं सनमायक्यावर घासतात आणि दोन महिन्यांत तिथे हळदीचा पिवळट पट्टा उमटतो. दांडी गोलसर आणि १०-१२ मिमी जाडीची घ्या. पातळ चपट्या पट्टीची कड जड ट्रॉली ओढताना बोटात रुतते. शक्य असेल तर सासूबाईंनाच दुकानात घेऊन जा, आणि हात ओला करून धरून बघायला सांगा. दुकानदार आधी चकित होतो, मग स्वतःच फडकं आणून देतो.

दोन्ही टोकं मोकळी असलेली टी-बार हँडलं मात्र घेऊ नका. कुकरची शिट्टी झाली म्हणून घाईने वळावं आणि गाऊनचा खिसा त्या टोकाला अडकून टर्रकन फाटावा, हे मी ग्राहकांच्या घरी प्रत्यक्ष पाहिलंय. ओढणी, पदर सगळं अडकतं. डी हँडलची टोकं वळून शटरला टेकलेली असतात, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही.

मापाबद्दल. हँडलचं माप म्हणजे दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर: ९६, १२८, १६०, १९२, २२४, ३२० मिमी. हे सगळे ३२ चे पट आहेत, कारण कपाटं बनवायची जी युरोपियन पद्धत आपल्याकडे आली तिची सगळी मांडणी ३२ मिमीवर आहे. दुकानात मात्र 'सहा इंची', 'आठ इंची' असं बोलतात आणि कुणी छिद्रांचं अंतर सांगतो, कुणी अख्ख्या हँडलची लांबी. म्हणून मिमीमध्येच विचारा. शटरना आणि लहान ट्रॉल्यांना १६०, रुंद ट्रॉल्यांना २२४ किंवा ३२०, एवढं पुरतं. ही मापं सर्रास मिळतात. दहा वर्षांनी हँडल बदलावंसं वाटलं तर त्याच छिद्रांत नवं बसतं. एखादं विचित्र मापाचं सुंदर हँडल घेतलंत तर पुढे शटरही बदलायची वेळ येते.

सुताराच्या गोला प्रोफाइलबद्दल. त्याचं म्हणणं अगदी चूक नाही. अरुंद, समोरासमोर दोन ओटे असलेल्या स्वयंपाकघरात बाहेर काही येत नाही, हा मोठा फायदा असतो. पण त्यात शटरच्या वरच्या कडेमागे बोटांची टोकं घालून ओढावं लागतं, आणि सासूबाईंना तेच जड जाईल. शिवाय त्या पन्हळीत कणीक, कांद्याची सालं, ओट्यावरून ओघळलेलं पाणी जमतं. रोज पुसलं तर ठीक, नाहीतर झुरळांना आयतं घर मिळतं. ओल्या बोटांनी सारखी तीच कड धरल्यामुळे एज बँडिंग, म्हणजे फळीच्या कडेला चिकटवलेली पट्टीही तिथेच आधी सुटते. दाबून उघडणारी पुश-टू-ओपन शटरं ओट्याखाली तर नकोच, नुसता गुडघा लागला तरी उघडतात.

एल आकारामुळे एक गोष्ट सुताराला आजच विचारा, सांगाडे तयार व्हायच्या आधी. कोपऱ्यात काटकोनात येणाऱ्या दोन ट्रॉल्यांची हँडलं एकमेकांच्या आड येतात. एक ट्रॉली उघडली की तिचा दर्शनी भाग दुसरीच्या हँडलवर आपटतो. हँडल शटरपासून ३५-४० मिमी बाहेर येत असेल तर कोपऱ्यात दोन्ही बाजूंना साधारण ५० मिमीची फिलर पट्टी (जागा भरून काढणारी, न उघडणारी फळी) सोडायला हवी. नंतर हे दुरुस्त करता येत नाही. फ्रिजच्या बाजूचं शटर आणि दाराची चौकट यांचंही तेवढंच बघून घ्या.

धातूत लोक सगळ्यात जास्त फसतात, आणि ठाण्याच्या दमट हवेत फसवणूक लवकर उघडी पडते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटलं नाही की म्हणतो बघा, ३०४ स्टील. या परीक्षेला अर्थ नाही. २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही, जस्ताच्या ओतीव हँडलला आणि ॲल्युमिनियमलाही नाही. चुंबक चिकटलं नाही यावरून एवढंच कळतं की ते साधं लोखंड नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि ओलीत लवकर डागाळतं. बिलावर '३०४' लिहून घ्या, लिहायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. जस्ताची हँडलं वाईटच असतात असं नाही, पण त्यांचं आयुष्य वरच्या मुलाम्यावर अवलंबून असतं, आणि मुलामा उडायला लागतो तो सिंकखालच्या शटरपासून. तिथे फरशीचं ॲसिड ठेवत असाल तर आधी बाथरूममध्ये हलवा. त्या वाफेने चांगलं स्टीलही गंजतं.

पितळेच्या नॉबवर बहुतेक वेळा पारदर्शक लाखेचा थर असतो. त्यावर देवाच्या भांड्यांसारखी पितांबरी घासली की थर जागोजागी निघतो आणि नॉब ठिपक्याठिपक्यांनी काळा पडतो. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करणं, एवढंच त्याला लागतं. वरच्या कपाटांसाठी ३०-३५ मिमी व्यासाचा, खाली मान असलेला, मागे बोट जाईल असा नॉब निवडा. एकाच स्क्रूवर असल्यामुळे तो वापरून सैल होतो आणि फिरतो, म्हणून गोलच घ्या. चौकोनी नॉब वाकडा झाला की सगळी रांग वाकडी दिसते. खालची हँडलं पितळी रंगाची हवी असतील तर त्याच कंपनीची, त्याच वेळी घ्या. दोन कंपन्यांचा 'ब्रास' शेजारी ठेवला की एक पिवळा दिसतो, एक तांबूस.

सगळी एकदम मागवायच्या आधी एकच हँडल आणा, सगळ्यात जड ट्रॉलीला बसवा आणि आठवडाभर त्यावर स्वयंपाक होऊ द्या. उंच ट्रॉलीला ते मधोमध न लावता वरच्या एक-तृतीयांश भागात आडवं लावा, वाकावं लागत नाही. खालच्या शटरना वरच्या कोपऱ्यात उभं, कडेपासून ५०-६० मिमी आत.

छिद्रं पाडताना सुताराने साचा वापरावा, नुसत्या पेन्सिलच्या खुणेवर नको. ड्रिल दर्शनी बाजूने, वर मास्किंग टेप लावून, आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून धरून, म्हणजे आतल्या बाजूचा सनमायका उडत नाही. हँडलसोबत येणारा २५ मिमीचा स्क्रू १८ मिमी प्लायच्या शटरला पुरतो, पण ज्या ट्रॉलीला पेटीचा पुढचा भाग आणि वरून दर्शनी फळी असे दोन थर असतात तिथे तो आखूड पडतो. त्यासाठी ४० मिमी लांबीचे एम-४ (४ मिमी जाडीचे) स्क्रू वेगळे मागवा. आणि प्रत्येक मापाची दोन हँडलं जास्तीची घेऊन ठेवा, पुढच्या वर्षी तोच रंग मिळेलच असं नाही.