पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल कारचं ॲव्हरेज कसं वाढवायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१९ची, १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गियर. धायरी ते हिंजवडी येऊन-जाऊन ४५ किलोमीटर. कंपनी लिटरला २१ किलोमीटर सांगते आणि तुम्हाला १२-१३च मिळतं. गाडीत बिघाड आहे की चालवण्यात चुकतंय, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी ते २१ डोक्यातून काढून टाका. एआरएआयच्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं, पण एआरएआयचा, म्हणजे तिथल्या वाहन चाचणी संस्थेचा म्हणून जो आकडा जाहिरातीत छापतात तो रस्त्यावरचा नसतो. गाडी रोलरवर उभी करून, ठरवून दिलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे चालवून, एसी बंद ठेवून तो काढलेला असतो. तुमच्या रस्त्यावर १५-१६ मिळालं तर उत्तम समजा. महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला सोयीसाठी १०० रुपये धरले, तर १२.५ वरून १५.५ वर गेल्याने सुमारे १५ लिटर, म्हणजे दीड हजार रुपये वाचतात.

मोजणी डिस्प्लेवरून करू नका, तो बहुधा थोडा चढवूनच दाखवतो. टाकी फुल करताना पहिल्या ऑटो कटला थांबायचं. राउंड फिगरसाठी वरून पाच-पन्नासचं टाकू द्यायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच नोझलला पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. किलोमीटर भागिले लिटर. अशा तीन टाक्यांची सरासरी काढल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका.

आता मुख्य गोष्ट. शहरात पेट्रोल खातो तो ब्रेक. माणसासकट ११०० किलोची गाडी धरा. ती ४० च्या वेगातून ब्रेक मारून थांबवली आणि पुन्हा ४० ला नेली, तर इंजिनाची कार्यक्षमता पाव धरून साधारण ८ मिली पेट्रोल जातं. तेच ६० वरून केलं तर १८-१९ मिली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. भूमकर चौकाच्या अलीकडची रांग समोर दिसत असताना ६० ला नेऊन करकचून थांबायचं, हे एका जाण्या-येण्यात वीस-पंचवीस वेळा केलं तर जवळजवळ अर्धा लिटर ब्रेक पॅड तापवण्यात जातो. म्हणून नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर नको, चार गाड्या पुढे हवी. लाल दिवे पेटताना दिसले की ॲक्सिलरेटर तिथेच सोडा. पुढे मोकळी सोडलेली जागा रिक्षावाला घेणार, हे गृहीत धरा. त्याने तुमचं पेट्रोल जात नाही, त्याला ओव्हरटेक करायला गेलात तर जातं.

ॲक्सिलरेटर सोडताना गाडी गियरमध्येच ठेवा. वारज्याकडून चढून चांदणी चौक ओलांडला की बावधनच्या उताराला बरेच जण न्यूट्रल करतात, आणि तिथेच फसतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकलेला असताना पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात. आरपीएम हजार-बाराशेच्या आसपास उतरेपर्यंत पेट्रोल जळतच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहतं, शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर दोन-सव्वादोन हजार आरपीएमला पुढचा गियर टाका, पण पाचव्यात ३५ ने गाडी गुरगुरवत नेऊ नका. चढावरच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक लावा.

उभ्या गाडीत एवढं इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, एसी चालू असेल तर आणखी. सिग्नलला सेकंदांचा आकडा दिसतो आणि तो तीसच्या वर आहे, तर इंजिन बंद करा. पुन्हा चालू करायला फार तर दहा सेकंदांच्या आयडलिंगइतकं पेट्रोल लागतं. बॅटरी जुनी असेल किंवा रांग इंचाइंचाने सरकत असेल तर मात्र या भानगडीत पडू नका.

टायरची हवा ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक हॅचबॅकला ३० ते ३५ पीएसआयमध्ये. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. हवा थंड टायरला, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासा. तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पंपावरचा मुलगा ती ‘जास्तीची’ काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर तेवढाच कमी भरलेला असतो. स्वतःचा गेज घ्या आणि दर पंधरा दिवसांनी बघा.

एवढं करूनही तीन टाक्यांत १२ च येत असेल, तर बिघाड शोधा. पहिला संशय चिकटलेल्या ब्रेकवर. पावसाळ्यातल्या चिखलाने कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या पिना गंजतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. ब्रेक फारसा न मारता दहा किलोमीटर गाडी चालवा आणि चारही रिमजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथेच दुखणं आहे. दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या झडपेवर. तो उघडा अडकला की इंजिन थंडच राहतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहतो. गरम झालेल्या इंजिनाचं कूलंट साधारण ८५ ते ९५ अंशांवर दिसायला हवं. गॅरेजवाल्याला स्कॅनर लावून तेच बघायला सांगा, सोबत लाँग टर्म फ्युएल ट्रिमही, म्हणजे ईसीयू पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. तो उणे दहा टक्क्यांच्या पलीकडे असेल तर पेट्रोल जास्त जातंय. मग ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टर तपासायचा. पीयूसीच्या जुन्या पावत्याही काढून बघा. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर वेळी चढत असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतंय, अर्थात नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली असेल तर.

एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज उडी मारेल ही कार्बुरेटरच्या काळातली समजूत. तुमच्या गाडीत त्याने पिकअप सुधारेल, पेट्रोल फारसं वाचणार नाही. ऑइलमध्ये मात्र ग्रेड मॅन्युअलमधलाच हवा. ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना ‘इंजिन जुनं झालंय’ म्हणून कोणी त्याहून जाड २०डब्ल्यू-५० ओतत असेल तर त्याला थांबवा.

राहिलं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. तुमच्यासारख्या, ई१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. म्हणजे १३ मधले जवळपास एक किलोमीटर तिथेच गेले. त्यावर ना तुमच्याकडे इलाज, ना पंपावर विकल्या जाणाऱ्या ॲडिटिव्हच्या बाटलीत.