स्पायरोमेट्रीत (यंत्रात फुंकर मारून करायच्या श्वासाच्या तपासणीत) एफव्हीसी, म्हणजे खोल श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेली एकूण हवा, अपेक्षेच्या ७२ टक्के आणि एफईव्ही१/एफव्हीसी गुणोत्तर, म्हणजे त्यातला पहिल्या सेकंदात बाहेर पडलेला वाटा, ०.८४ आले आहे. फुप्फुसे आकसली आहेत का?

एवढ्या दोन आकड्यांवरून फुप्फुसे आकसली आहेत असे म्हणता येत नाही. गुणोत्तर चांगले असल्याने श्वासनलिका अरुंद झाल्याची खूण दिसत नाही. एफव्हीसी मात्र फुंकर मध्येच थांबल्याने, वाढलेल्या वजनाने किंवा यंत्राने युरोपीय सरासरीशी तुलना केल्यानेही कमी दिसू शकते, कारण भारतीयांची सरासरी क्षमता त्याहून कमी भरते. म्हणूनच अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या निकषांनुसार हे निदान फुप्फुसांची एकूण क्षमता, म्हणजे टीएलसी, मोजूनच पक्के होते, आणि ती स्पायरोमेट्रीत मोजता येत नाही. तरीही चालताना दम लागत असेल किंवा कोरडा खोकला हटत नसेल, तर छातीविकारतज्ज्ञांना लवकर भेटून टीएलसीबरोबर डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसांतून रक्तात वायू किती सहज जातो हे पाहणाऱ्या तपासणीबद्दलही अवश्य विचारावे.