रकाना रिकामा राहू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी मेल वाचली. बोटभर उंचीची काचेची बाहुली, एक हात मोडलेला, आणि संग्रहाच्या जुन्या नोंदकार्डावर ठसठशीत लिहिलेलं: 'फुंकलेली काच, नव्हेर'. ते खोडू का, म्हणून विचारतेस. अगं, खोडायचं काय त्यात? जुनी नोंद आहे तशी राहू दे. खाली तारीख घाल आणि तुला जे दिसतं तेवढंच लिही.

मोडलेल्या हातातून तांब्याची तार बाहेर आलीय, तिच्यावर हिरवट गंज चढलाय, हे तूच कळवलंयस. म्हणजे निदान तो हात तरी फुंकलेला नाही. दिव्याच्या ज्योतीवर काचेची कांडी मऊ करायची, तारेभोवती गुंडाळायची, चिमट्याने बोटं ओढायची, असं ते काम. धड फुंकलेलं, म्हणजे आतून पोकळ आहे का, ते पायाकडून भिंग लावून बघ. आणि तो गंज कृपा करून पुसू नकोस, हात चिकटवायची घाईही नको.

आता 'नव्हेर', म्हणजे फ्रान्समधलं ते गाव. तिथे हे काम जोरात चालायचं, यात वाद नाही. सोळाव्या शतकात गोंझागा या इटालियन घराण्याच्या अमलात इटलीतले काचकारागीर तिथे आले. १६०५ मध्ये पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या छोट्या तेराव्या लुईकडे तिथली काचेची कुत्री खेळायला होती. पण अशा बाहुल्या पॅरिसमध्येही होत, रूआंमध्येही होत, आणि त्यांवर सही जवळपास कधीच नसते. मग कशाच्या जोरावर गाव ठरवतेस? 'नव्हेर पद्धतीची' म्हण. कारागीर: रिकामं. जे दिसतं तेवढंच!

मी जिथे नोकरी केली तिथे माझ्या कार्डांना 'अर्धवट' म्हणायचे. भराभर रकाने भरणाऱ्यांना बढत्या मिळाल्या. काचसंग्रहाची सूची माझ्या नावाने छापली गेली नाही, त्याची हळहळ आजही वाटते, तुझ्यापासून काय लपवू? पण माझं कुठलंही कार्ड काढ, त्यातला शब्दन् शब्द वस्तूवर बोट ठेवून दाखवता येईल. पुन्हा नोकरीला लागले तरी मी तसंच करीन. मला हट्टी म्हणत, म्हणोत. अंदाज एकदा कार्डावर चढला की पुढचा माणूस तो पुरावा म्हणून उतरवून घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुझ्या वरिष्ठांना कारागिराचं नाव हवंच असेल, तर बाहुलीवर ते कुठे आहे तेवढं दाखवा म्हणावं. आवाज न चढवता म्हण, पण म्हण.

तुझ्या बाई